मधलं नाव नसलेले आजोबा

ऑफिसात तिला सगळे दुभाषी म्हणत. कंपनीचं सॉफ्टवेअर सहा दवाखान्यांत चालायचं आणि त्यांचे डेटाबेस तीन तऱ्हांचे. एकाला कळणारी आज्ञा दुसऱ्याला कळेलच असं नाही. त्यामुळे पूर्वी प्रत्येक स्क्रिप्ट, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांचा संच, तीनदा लिहावी लागे. ती एकदाच लिहायची आणि ते तिन्हीकडे चालायचं. बावीस वर्षं तिनं हेच काम केलं. नवरा शिंपी. तो म्हणे, "एकाच मापाचा सदरा तिघांना घालतेस. कुठेतरी उसवणारच."

बाविसाव्या वर्षी त्या सहांपैकी डोळ्यांच्या दवाखान्यानं डेटाबेस बदलला. पेशंटच्या यादीची स्क्रिप्ट तिनं जुन्यावर चालवून पाहिली, नीट चालली, पाठवून दिली. चार दिवसांनी तिथल्या रिसेप्शनिस्टचा फोन आला.

"ताई, यादीत काही ओळींत नावच येत नाही. मी त्या सोडून पुढची हाक मारत होते. काल एक आजोबा नऊपासून एकपर्यंत बाकावर बसून होते."

"मग?"

"मग काय, डॉक्टर गेले. तेही गेले."

ती स्वतः दवाखान्यात गेली. स्क्रिप्ट पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव जोडत होती. जुना डेटाबेस कोरा रकाना सोडून द्यायचा. नव्याला एक रकाना कोरा दिसला की तो अख्खं नावच कोरं करायचा. आजोबांना मधलं नाव नव्हतं.

हे तिला ठाऊक होतं. नव्या मुलींना तिनंच शिकवलं होतं. नव्या डेटाबेसवर तपासायचा तेवढा कंटाळा केला होता. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

तिथूनच तिनं आजोबांना फोन लावला. ते घड्याळं दुरुस्त करत.

"चूक माझी आहे. तुमचं मधलं नाव नाही म्हणून यादीत..."

"मग ठेवू का एखादं?"

"नको हो. गुरुवारी या. पहिला नंबर तुमचा."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ कानही गेले."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ त्याच बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅनेजरला सांगितलं, "यापुढे तिन्हीकडे चालवून पाहिल्याशिवाय स्क्रिप्ट बाहेर जाणार नाही."

"दोन दिवस जास्त लागतील."

"लागू देत."

तो कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. महिनाभरात तिच्याच चार जुन्या स्क्रिप्टांत तीच चूक सापडली. तिनं त्या चारही चुका स्वतःचं नाव घालून ऑफिसात सगळ्यांना मेलनं कळवल्या. उत्तर एकट्या मॅनेजरचं आलं: "पाहिलं."