कागदावर बसलेलं मशीन

आता कोणत्या तोंडाने सांगू? पण आमच्या पडवीच्या भिंतीला ते भोक कशाचं, असं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो आणि बाबा नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी मुळात बोलकी नाही. वर्गात हजेरीला मी ‘हजर’ म्हणते आणि बाई मला गैरहजर लावतात, एवढा माझा आवाज! भूमिती मात्र चांगली. घात झाला तो तिच्यामुळेच.

बाबा कचेरीत कारकून, पण जीव सगळा सुतारकामात. जाम गावी एक आरागिरणी बंद पडली, तेव्हा तिथलं जुनं रंधा मशीन त्यांनी ट्रकमध्ये घालून नालवाडीला घरी आणलं. काळं, लोखंडी धूड नुसतं! एका बाजूने खडबडीत फळी आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती गुळगुळीत होऊन निघते. ते बसलं मागच्या पडवीत. आणि माझं अभ्यासाचं टेबल कुठे? तिथेच!

यंदा माझी दहावी. वहीत भुसा, वेणीत भुसा, कानात घरघर. शेवटी एकदा धीर केला.

“बाबा, मशीन शेजारच्या सरपणाच्या खोलीत नेलं तर?”

“तिथं लाकूड काताचं खराद हाय, सुतारी बाक हाय. मावन काय ते?”

“मावलं तर पडवी माझी?”

“मावलं तर तुही. जाय!”

मी खोली मोजली, मशीन मोजलं. आलेखाच्या कागदावर खोली काढली आणि लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची इवलीशी मशीनं कापून ती सरकवत बसले. रंधा मशीन पडवीकडच्या भिंतीला अगदी टेकवलं, तेव्हा कुठे सगळं बसलं. इतकं नेटकं की बाबांनी तो कागद कचेरीतही मिरवला!

रविवारी आंजीहून नामदेवकाका चार गडी घेऊन आले. बाबांचे नियम कडक. पाती आधीच काढून गोणपाटात गुंडाळलेली. पायात चप्पल नको, बूट हवा. मशीनखाली कुणी हात घालायचा नाही. पहारीने जरासं उचलायचं, खाली लोखंडी पाइप सारायचे आणि त्यांवरून हळूहळू ढकलायचं.

“आन् हुकूम एकानंच द्याचा,” बाबा म्हणाले. “नकाशा जिचा, हुकूम तिचा.”

मी! सहा पुरुषांना हुकूम!

मशीन दाराच्या चौकटीवर जायला लागलं. “थांबा,” मी म्हटलं. कुणीच थांबलं नाही. “थांबा!”

“भाऊ, पोरगी ओठ हालवून राह्यली, पण आवाज नाई येऊन राह्यला!” काका ओरडले.

आई आतून थाळी आणि उलथनं घेऊन धावत आली. “हे घे, वाजव! एक ठोका म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला.”

ठण्! सगळे जागच्या जागी. ठण् ठण्! चालले.

“माहे बैल एवढं ऐकत नाई,” काका घाम पुसत म्हणाले, “जेवढं आमी ऐकून राह्यलो!”

कुणाच्या नखालाही धक्का न लागता मशीन जागेवर बसलं. बाबांनी त्याचे बोल्ट सिमेंटात पक्के केले. मंडळी पातोडीची भाजी जेवून गेली. मी माझं टेबल पडवीत भिंतीला लावलं आणि आठवडाभर चिमण्यांचा आवाज ऐकत प्रमेयं सोडवली. काय ते सुख!

सिमेंट वाळलं. पुढच्या रविवारी बाबांनी मांडणीसाठी आणलेली लांब फळी घेतली. बघायला काकाही मुद्दाम आले. बटण दाबलं. फळी आत गेली, दुसऱ्या बाजूने वीतभर बाहेर आली आणि… धाड!

मशीन कण्हलं, पट्टा निसटला. बाबांनी बटण बंद केलं.

“फळी थांबली काऊन, भाऊ?”

“समोर भिंत हाय न.”

“मंग फळी जाईन कोठून?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अहो, मी मशीन मोजलं, बाक मोजला, माणसाला उभं राहायलाही जागा सोडली. फळीच मोजली नाही! पडवीत दोन्ही बाजू मोकळ्या, फळी खुशाल बाहेर निघायची. त्यामुळे बाबांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“परत हलवू या…” मी पुटपुटले.

“हे बरं ऐकू आलं मले!” काका म्हणाले. “आता हे माह्या तेरवीलेच हालन!”

बाबांनी भिंतीवर पेन्सिलने एक चौकोन काढला आणि छन्नी-हातोडा घेतला. संध्याकाळपर्यंत आरपार भोक! मी वाकून पाहिलं. पलीकडे माझं टेबल, त्यावर उघडं भूमितीचं पुस्तक, बरोब्बर फळीच्या रेषेत.

आता मशीन लागलं की भिंतीतून फळी सावकाश माझ्या पुस्तकावरून येते. ती मी दोन्ही हातांनी धरायची, म्हणजे थाळी वाजवायची सोय नाही.

“ओरडजो,” बाबांनी बजावलं. “फळी आली का नाई, मले इकडं समजलं पाह्यजे.”

म्हणून मी ओरडते. रोज संध्याकाळी, मशीनच्या वरताण आवाज काढून.

परवा वर्गात बाईंनी माझा नंबर पुकारला. मी प्रमेयाच्या नादात होते. ताडकन उभी राहिले, दोन्ही हात पुढे केले आणि खच्चून ओरडले, “आलीऽऽ!”

त्या दिवशी मात्र हजेरी लागली. शेजारच्या वर्गातसुद्धा.