पडली नाहीत, पाडलीत

माझ्या ताईच्या नवऱ्याला आमच्या घरात सगळे नापासकाका म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. मी मेहुणी, म्हणून भावोजी म्हणते.

त्यांची नोकरी लिफ्ट तपासायची. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपासून तळातल्या खड्ड्यापर्यंत उतरायचं, दोर, ब्रेक, दारं बघायची आणि शेरा मारायचा. त्यांनी पहिल्या फेरीत पास केलेली लिफ्ट कुणी पाहिलेली नाही. निवृत्त झाले तेव्हा लिफ्ट सुटल्या, शेरा काही सुटला नाही. ते राहतात तिसऱ्या मजल्यावर आणि चढतात जिन्याने. का, असं विचारलं की म्हणतात, "मला ती लिफ्ट आतून माहीत आहे."

गादीच्या दुकानात ते बूट काढून एकेका गादीवर पडून आले. एकीवर त्यांना झोप लागली, तर तीही नापास केली. "झोपेत काय कळणार गादी कशी आहे ते?" घर अजून भाड्याचंच आहे, कारण विकत घ्यायच्या प्रत्येक घरात काहीतरी निघालं. जावयालाही त्यांनी नापासच केलं होतं, मुलीनं परस्पर पास करून घेतला.

या सगळ्यात ताईची गाडी राहून गेली. ताई चाळिशीत गाडी चालवायला शिकली. लायसन्स वेळच्या वेळी नवं करून घेते, फक्त चालवायला गाडी नाही. किती गाड्या बघितल्या! एकीच्या दाराचा आवाज 'पोकळ', दुसरीचा मालक 'फार हसतो'. एरवी ताईनं हेही चालवून घेतलं असतं, पण यंदा मुलीला बाळ झालं. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दोन बस बदलून ताई पोचते तेव्हा बाळ झोपलेलं असतं, आणि ते उठतं तेव्हा हिची परतीची बस असते. एके दिवशी मला म्हणाली, "मला कुणाला न विचारता उठून तिकडं जाता आलं पाहिजे. बास. एवढंच मागणं आहे माझं."

जाहिरात भावोजींनीच शोधली. दातांच्या दवाखान्यात ते आपली कवळी परत करायला गेले होते, तिसऱ्यांदा. तिथल्या फळ्यावर चिठ्ठी होती: 'गाडी विकणे आहे. एकाच मालकाची. भरपूर काम केलेली.'

"बघ, काम करून घेतलंय," ते ताईला म्हणाले. "मालक काळजी घेणारा दिसतो."

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. ताईनं मला नेलं ते साक्षीदार म्हणून. एका बैठ्या घराच्या बाजूला पत्र्याचं शेड होतं. मालक तिशीतला, बोटांना पांढरी पूड लागलेला. त्यानं शेडचं शटर वर केलं.

आत गुडघ्याएवढी एक नारिंगी गाडी होती. दोनच दारं. मागे इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख. चाकं इतकी रुंद की गाडी त्यांच्यावर ठेवल्यासारखी दिसत होती.

"अहो," ताई हळूच म्हणाली, "ही शर्यतीची आहे."

"आलोय तर बघू," भावोजी म्हणाले आणि खिशातून बॅटरी काढली. आता कसले थांबतात!

"खाली बसलीय गाडी. स्प्रिंगा गेल्यात."

"गेल्या नाहीत काका, मी छोट्या बसवल्यात."

"मागची चाकं आत झुकलीत."

"झुकवलीत. वळणावर धरून राहते."

"बॉनेटला भोकं पडलीत."

"पडली नाहीत, पाडलीत. इंजिन गरम होतं ना, हवा लागते."

भावोजी थांबले. आजवर ज्यानं त्यानं त्यांना 'ते तसंच असतं' असं सांगितलेलं. 'मी केलंय' म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी आत डोकं घातलं.

"मागचं सीट निघालंय."

"काढलंय."

"एसी बंद पडलाय."

"नाहीच आहे. वजन कमी केलं."

"अरे, मग यात राहिलंय काय?" ताई म्हणाली.

"गाडी, काकू," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

भावोजींना गाडीखाली जायचं होतं, पण गाडीखाली जागाच नव्हती. मालकानं ती जॅक लावून उचलली, खाली स्टँड दिले, सतरंजी पसरली. मग बराच वेळ आम्हाला भावोजींचे फक्त पाय दिसत होते. मालक त्या पायांशी उकिडवा बसून आपणच सांगायला लागला.

"डावीकडचं वेल्डिंग बघू नका काका, पहिलंवहिलं आहे, घाण झालंय. मजबूत आहे, पण घाण आहे. आणि दुसरा गिअर कधी कधी हट्ट धरतो. चालकाकडची काच पावसात बोटभर खाली येते, कितीदा खोलली, सापडत नाही."

खालून आवाज आला, "तुम्ही करता काय?"

"दात बनवतो. चौकातल्या दवाखान्याला कवळ्या देतो."

पाय हलायचे थांबले. मग भावोजी बाहेर सरकले, नाकाला काळं ग्रीस. "कवळी? खालची? डावीकडे टोचणारी?"

मालक उभा राहिला. "तीनदा परत आली ती तुमची का?"

मी ताईचा हात धरला. आता भांडण, असं मला वाटलं.

"तुमचं बरोबर होतं काका," तो म्हणाला. "डावीकडे माझंच चुकलंय. डॉक्टर म्हणत होते, म्हातारा खडूस आहे, दे तशीच. पण मी माप पुन्हा तपासलं. चुकलं होतं."

भावोजी सतरंजीवर बसूनच राहिले. जन्मभर त्यांनी लोकांच्या चुका काढल्या. लोकांनी वाद घातले, साहेबांकडे तक्रारी केल्या, तपासणीच्या आदल्या दिवशी गंजावर रंग मारले. तुमचं बरोबर होतं, असं त्यांना कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरात तर नाहीच.

"चालवून बघू," ते एकदम म्हणाले.

म्हणजे ताईनं चालवायची. भावोजी गाडी शिकलेच नाहीत, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती. ताई त्या सीटमध्ये शिरली नाही, पडली. मालकानं दोघांना खांद्यावरून पट्टे आवळून बांधलं. ताईनं चावी फिरवली आणि शेडचा पत्रा थरथरला. शेजारच्या घरातली बाई खिडकीत येऊन उभी राहिली. गाडी एक आचका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मालक आणि मी आवाजावरून त्यांचा रस्ता ओळखत उभे होतो. आवाज लांब गेला, आणखी लांब गेला.

"काकूंनी दुसरा टाकला," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अगदी कौतुकानं, "हट्ट धरला नाही."

ते परत आले तेव्हा ताईचे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते. भावोजींनी पट्टे सोडवले, हातापायांवर बाहेर आले, कमरेवर हात देऊन सरळ झाले आणि म्हणाले, "घेऊ या."

मी ताईला शेडच्या बाजूला ओढलं.

"अगं, वेड लागलंय का ह्यांना? बाळाला कुठं बसवणार? भाजीची पिशवी तरी मावेल का? क्लच केवढा जड असेल."

"दगड आहे," ताई म्हणाली. "मांडी भरून आली माझी."

"मग नाही म्हण ना. साधी एखादी बघू."

"कोण बघणार? हेच ना?" तिनं भावोजींकडे पाहिलं. ते गाडीभोवती हात मागे बांधून फिरत होते. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून हो निघालाय. हा सोडला तर पुढचा ऐकायला मी असेन का? आणि बाळाला कुठं न्यायचंय मला? बाळ त्याच्या घरी आहे. मला तिथं पोचायचंय."

ती तरातरा पुढे गेली. "घेतली," ती मालकाला म्हणाली. "कागदपत्रं कधी करायची?"

मालकाचा चेहरा गाडी विकली जाण्याची तयारी नसल्यासारखा झाला. पण त्याच्याहून जास्त घाबरले भावोजी. हो म्हटल्यावर पुढे काही होतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे, एवढी घाई नाही," ते म्हणाले. "रंग जरा भडकच आहे. आणि ती काच..."

"अहो," ताई म्हणाली, "आता ती माझी गाडी आहे. माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत."

पुढच्या आठवड्यात कागद झाले आणि गाडी आणायलाही मी गेले. येताना जागा दोघांचीच, तेव्हा मी बसथांब्यावर उभी राहिले. थोड्या वेळानं ती नारिंगी गाडी समोरून गेली, घराच्या दिशेनं नव्हे, मुलीच्या. भावोजी काचेतून मला बोट दाखवून काहीतरी सांगत होते, खाली काहीतरी, बहुतेक चाकाचं. तोंड भराभर हलत होतं, पण इंजिनाच्या गडगडाटात एक अक्षर कळलं नाही. ताईलाही ऐकू येत नसणार. ती समोर बघत होती आणि तिचा चेहरा अगदी शांत होता.