प्रभूभोजनाचा पातळ रस

वीस वर्षांपूर्वी अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये मी आणि मार्थाकाकू तीन महिने एकमेकींशी बोललो नाही. कारण होतं प्रभूभोजनाचा रस, म्हणजे येशूच्या आठवणीत महिन्यातून एकदा भाकरीबरोबर घेतात तो द्राक्षरस. चर्चमधल्या उद्याच्या भक्तीसाठी शिरगावच्या घरी मी काळे मनुके उकळतेय आणि त्या वासाने सगळं परत आठवतंय.

तेव्हा तो रस मी पहिल्यांदाच केला होता; त्याआधी तो काकूच करायच्या. काकूंनी घोट घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, “गं बाई, ह्यात मनुके घातलेस की नुसते दाखवलेस?”

सगळे हसले. मी म्हणाले, “तुमच्यासारखी काकवी नाही जमत मला.”

मनात भांडण ठेवून प्रभूभोजन घ्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून दर महिन्याला रसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे आला की मी पेला न घेता तो पुढे द्यायचे, आणि मोठा त्याग केल्यासारखं वाटायचं. चौथ्या महिन्यात मात्र राहवेना. भक्ती चालू असतानाच काकूंना शोधायला उठले. काकू बाहेर, चपलांजवळच्या पायरीवर बसल्या होत्या.

“काकू, आत चला ना.”

“तुझा रस पातळच होता.”

“होता.”

“मी पण जास्तच बोलले. तीन महिने मीसुद्धा पेला घेतलेला नाही.”

मी बघतच राहिले. इतके दिवस मला फक्त माझाच न घेतलेला पेला दिसत होता.

“बघतेस काय? हात दे, गुडघा धरलाय.”

आम्ही आत गेलो तेव्हा पास्टर ट्रे घेऊन थांबले होते. त्यात दोन पेले शिल्लक होते.