मनकर्णेचं परडं

चाळिशीला येईपर्यंत मनकर्णेनं जमिनीत एकही बी टाकलं नव्हतं. ती धनगराची लेक आणि धनगराचीच सून. चारा असेल तिथं बिऱ्हाड, चारा संपला की तट्टावर वाकळा, भांडी आणि कोंबड्या लादून पुढचा मुक्काम. पावसाळ्यात बालाघाटाच्या माळावर, उन्हाळ्यात खाली नदीकाठी, गंगथडीला. पीक म्हणजे दुसऱ्याची वस्तू. त्यात मेंढरू शिरू द्यायचं नाही आणि शिरलंच तर शिव्या खाली मान घालून ऐकायच्या, एवढाच तिचा पिकाशी संबंध.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली पाऊसही धड झाला नव्हता. पाटोद्याच्या अलीकडं कोसभरावर एका गावाच्या शिवारात त्यांचा मुक्काम होता. साथीच्या थोडं आधी तिची सासू ताराबाई तट्टावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मग साथीत नवरा सटवा गेला. आजारी पडला आणि आठवडाही काढला नाही. गावातही तेव्हा रोज कुणी ना कुणी जात होतं, त्यामुळं धनगराच्या पालावर रडायला फारसं कुणी आलं नाही.

धाकटा दीर म्हाळू, त्याची बायको आणि मेंढरं एवढं उरलं. माळावरचं गवत संपत आलं होतं. मेंढरांना थांबवून भागणार नव्हतं आणि ताराबाईला हलवून भागणार नव्हतं.

"आईचं हाड जुळंस्तोवर तुमी हितंच ऱ्हावा, वैनी," म्हाळू म्हणाला. "फुडल्या पावसाळ्यात मी येतोच."

गावचे पाटील विठ्ठलराव यांच्या रानात सटवाची मेंढरं दरसाल बसत. लेंडीखतानं ते रान कसदार झालं होतं. पाटलांनी ती आठवण ठेवली आणि गावाच्या कडेला, ओढ्याजवळ, एका पडक्या गोठ्याची जागा दोघी बायकांना राहायला दिली. गोठ्यामागं चार खाटा मावतील एवढं परडं होतं. त्यात मुरूम, फुटकी खापरं आणि घाणेरीची झुडपं.

म्हाळूनं जाताना एक दुभती शेळी ठेवली होती. ताराबाईला दात नव्हते. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. हिवाळ्यात एका पहाटे लांडग्यानं ती शेळी नेली. त्यानंतर म्हातारीची भाकरी पाण्यात आणि मिठात कुस्करली जाऊ लागली. दोन घास खाऊन ती ताटली सरकवून द्यायची.

मनकर्णा पाटलांच्या रानात खुरपायला जाई. तिथं तिची तुळजाबाईशी ओळख झाली. तुळजाबाई धोंडीराम नावाच्या कुणब्याची बायको. तिचं घर गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. सासू जेवत नाही हे ऐकून तिनं विचारलं, "मग कोरड्यास कावून करीत न्हाईस? भाजी शिजवून त्याच्या पान्यात भाकर चुरायची."

"भाजी आनू कुठून?"

"परडं हाय की मागं. मेथी टाक. मेथीला काय लागतंय?"

तिनं ओंजळभर मेथीदाणे दिले. मनकर्णेनं घाणेरी उपटली, खापरं वेचली आणि दाणे पेरले. पेरले म्हणजे बोटभर खोल खड्डे करून त्यात पुरले, जसं ती मेंढरांसाठी बाभळीच्या शेंगा पुरून ठेवी. खताचं तिला माहीत होतं, निदान तिला तसं वाटत होतं. पाटलांच्या त्याच रानात दुसऱ्या एका धनगराची मेंढरं बसली होती. तिथून तिनं पाटीभर ताजी लेंडी आणली आणि वर जाड थर दिला.

काहीच उगवलं नाही. कडेला जे थोडं वर आलं ते पिवळं पडून मेलं.

तुळजाबाई बघायला आली तेव्हा तिनं वाकून थर उकरला. "अगं, अशी ताजी लेंडी लई गरम असती. मुळं पोळली समदी. रानात पाऊस पडतो, नांगर फिरतो, मग ती जिरती. हिला कुजू दे एका कोपऱ्यात." मग तिनं जमीन टोकरली आणि म्हणाली, "आन् हा तर निस्ता मुरूम हाय. वड्यातला गाळ आन."

ताराबाई दारात बसून ऐकत होती. "मेंढराचा पाला मेंढरांनी खावा," ती म्हणाली. "मानसानं त्याच्यामागं कावून लागायचं?"

 उन्हाळाभर मनकर्णा रानातून येताना ओढ्याच्या कोरड्या पात्रातला गाळ पाटीनं आणत राहिली. मुरुमावर वीतभर काळी माती झाली. लेंडी कोपऱ्यात कुजत पडली होती. तिचा वास गेला आणि ती भुसभुशीत झाली, तेव्हा तुळजाबाईनं ती मुठीत घेऊन बघितली आणि आता चालेल म्हणाली.

पाऊस लागल्यावर मनकर्णेनं पुन्हा पेरलं. या खेपेला तुळजाबाई शेजारी उभी होती. मेथी वरच्यावर फेकून हातानं नुसती माती फिरवायची. दोडक्याचं आणि भोपळ्याचं बी कुडाच्या कडेला लावायचं, म्हणजे वेल छपरावर चढतील. मिरची आणि वांगं आधी एका जागी उगवून मग उचलून लावायचं. हे शेवटचं मनकर्णेला पटलं नाही. उगवलेलं रोप मुळासकट उपटून दुसरीकडं लावायचं म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात बसेना. तिनं वांगी जागच्या जागीच ठेवली. ती दाटीत वाढली, काठीसारखी उंच झाली आणि त्यांना फळ धरलं नाही.

मेथी मात्र आली. पहिली जुडी खुडली तेव्हा तिनं ती बराच वेळ हातात धरून ठेवली. शिजवली आणि पाणी भाकरीवर ओतलं. ताराबाईनं वास घेतला आणि ताटली सरकवली.

श्रावणात भोपळ्याच्या वेलाला फुलं आली. पहिली फुलं फळ न धरताच गळून गेली. मनकर्णेला वाटलं कीड लागली. वेल उपटायला तिनं हात घातला होता, तेवढ्यात तुळजाबाई आली म्हणून तो वाचला. "ती नर फुलं अस्तेत. माद्या मागून येतेत," ती म्हणाली. "मेंढरात न्हाई का, समदीच थोडी वितेत?" हे मनकर्णेला लगेच कळलं. त्या दिवसापासून ती फुलाच्या देठाशी गाठ आहे का ते वाकून बघू लागली.

पहिला भोपळा छपरावर पिकला. मनकर्णेनं तो मऊ शिजवला, त्यात मीठ आणि थोडा गूळ घातला, आणि सासूपुढं ठेवला. ताराबाईनं बोट बुडवून चाखलं. मग सगळं खाल्लं. चांगलं झालंय असं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिनं विचारलं, "ते लाल हाय का अजून?"

म्हाळू भादव्यात आला. खाली चारा बरा होता म्हणून त्याला उशीर झाला होता. मेंढरं ओढ्यापलीकडं सोडून, बायकोला राखणीला ठेवून तो गोठ्यावर आला, आईच्या पाया पडला आणि मीठ आणायला पाटोद्याच्या बाजाराला गेला. मनकर्णा पाण्याला गेली होती. म्हाळूच्या बायकोला सावलीत डोळा लागला.

मनकर्णा आडावरून हंडा घेऊन परतली तेव्हा परड्याचं कुंपण आडवं झालं होतं. कुंपण कसलं, घाणेरीचीच वाळकी झुडपं रचलेली. आत मेंढरं होती. मेथीच्या वाफ्याच्या जागी नुसती माती होती. मिरच्यांचे शेंडे गेले होते. दोडक्याचा वेल खाली ओढलेला होता आणि दोन मेंढ्या दोन्हीकडून तो चावत होत्या. ताराबाई दारात बसली होती. तिच्याभोवती मेंढरांची दाटी होती. ती एकेकीच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि नावं घेत होती. ढवळी, काळतोंडी, लांबकानी.

मनकर्णेनं हंडा खाली ठेवला. तिनं तोंडानं कळप हाकायचा आवाज काढला. तो आवाज मेंढरांच्या ओळखीचा होता. ती माना वर करून तिच्याकडं बघू लागली.

समोरून धोंडीराम आला होता. तो म्हणाला, "आमच्या रानात शिरली असती, तर आमी कोंडवाड्यात घातली असती."

मनकर्णा पुढं चालू लागली आणि मेंढरं तिच्या मागं. गावातून, देवळावरून, चावडीमागच्या कोंडवाड्यापर्यंत ती तशीच गेली. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. मेंढरं कोंडवाड्यात जाताना सहसा हाकून, मारून न्यावी लागत. ही सरळ आत गेली, कारण पुढं मनकर्णा आत गेली होती. मग ती बाहेर आली आणि फाटक लावलं.

संध्याकाळी म्हाळू चावडीवर आला. ताराबाईलाही खाटेवरून आणलं होतं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्या कळपात सटवाचा वाटा किती?" त्यांनी विचारलं.

"निम्मा," म्हाळू म्हणाला.

"म्हंजे निम्मी मेंढरं मनकर्णेची. निम्मा गुन्हा तिचाच झाला की." ओट्यावरची माणसं हसली. पाटील हसले नाहीत. "मनकर्णे, तुझं काय म्हननं हाय?"

"माझं परडं खाल्लं," ती म्हणाली. "कुनाच्या का मेंढरानं खाईना."

म्हाळू आईकडं वळला. "आई, तू दारातच व्हतीस. हाकललं कावून न्हाईस?"

"मीच बोलवली," ताराबाई म्हणाली. "वड्यापलीकडं दिसली. मी हाळी दिली. वळखली त्यांनी मला, साल झालं तरी." ती सुनेकडं न बघता बोलत होती. "मधी कुंपन हाय हे त्यांना काय कळतंय."

 पाटलांनी मनकर्णेला विचारलं, दंड हवा की काय हवं. ती म्हणाली, कुंपण हवं. चांगलं, बाभळीचं.

म्हाळूनं बाभळीचे फाटे तोडून आणले आणि काट्यांची गच्च वई घातली. आयुष्यभर त्यानं मेंढरं आत ठेवायला जाळ्याची वाघूर लावली होती. बाहेर ठेवायला कुंपण घालायची त्याची ही पहिलीच वेळ. मेंढरू कुठून शिरतं हे त्याला पक्कं माहीत होतं, त्यामुळं वई उत्तम झाली. काम करताना दीर-भावजय एकमेकांशी गरजेपुरतंच बोलले.

वई झाल्यावर ताराबाई म्हणाली, "मला तट्टावर बसवून बघ."

तिला बसवलं. हाड वाकडं जुळलं होतं, पण जुळलं होतं. एका अंगानं कलून, वाकळेचा टेकू देऊन ती बसू शकत होती. ओढ्यापर्यंत नेऊन आणलं. ती उतरायला तयार होईना.

"तुमी बी चला, वैनी," म्हाळू म्हणाला. "आता हितं कशापायी ऱ्हायचं?"

प्रश्न खरा होता. मनकर्णा गावात राहिली ती सासूसाठी, आणि परडं केलं तेही सासूच्या भाकरीसाठी. तिनं परड्याकडं बघितलं. दोडका गेला होता. छपरावर भोपळे शाबूत होते. वांग्याचं बी मागल्या महिन्यात तिनं नव्यानं टाकलं होतं आणि रोपं बोटभर झाली होती. मेंढरं त्या कोपऱ्यात पोचली नव्हती.

"वांगी उचलून लावायचीत," ती म्हणाली. "मागल्या खेपेला चुकलं."

म्हाळूला वाटलं ती रागावून बोलते आहे. तो आणखी एक दिवस थांबला, मग निघाला. निघताना मनकर्णेनं दोन भोपळे तट्टावर सासूच्या पायाशी बांधले. सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मनकर्णा ओढ्यापर्यंत गेली नाही. तिनं त्या दिवशी वांग्याची रोपं लावली, प्रत्येकाच्या मध्ये हातभर जागा सोडून. काही दिवस ती सुकलेली दिसली, मग उभी राहिली.

ताराबाई पुढच्या उन्हाळ्यात गंगथडीला वारली. म्हाळू निरोप घेऊन आला, तेव्हा मेंढरं गावाबाहेर लांब ठेवून एकटाच आला. आई कळपातच गेली, म्हणाला, सकाळी उठवायला गेलो तर थंड. मनकर्णेनं आंघोळ केली आणि त्याला वांग्याची भाजी-भाकरी वाढली. सटवाच्या वाट्याची मेंढरं तिनं त्याच्याकडंच राहू दिली. बदल्यात दरसाल कळप दोन रात्री पाटलांनी दिलेल्या तिच्या जागेपुढं बसे, आणि लेंडी ती वर्षभर कुजवून वापरी.

ती त्या गोठ्यात आणखी वीसेक वर्षं राहिली. गावात पोरगी नांदायला आली की तिची सासू तिला परड्यात काय लावायचं ते विचारायला मनकर्णेकडं पाठवी. मनकर्णा सांगे ते थोडंच असे. लेंडी कुजू द्या, मुरूम असेल तर गाळ आणा, पहिली फुलं गळाली तर वेल उपटू नका. वांगं उचलून लावा म्हटल्यावर एखादी का म्हणून विचारी. मनकर्णेला त्याचं कारण कधी सांगता आलं नाही. जागेवर ठेवलं तर फळ धरत नाही, एवढंच ती म्हणे.

कोथिंबीर मात्र तिला शेवटपर्यंत साधली नाही. धने चोळून, भिजवून, सावलीत, उन्हात, सगळ्या तऱ्हांनी तिनं लावून बघितले. कधी उगवलीच नाही, कधी उगवून लगेच फुलावर आली. कोथिंबीर लागली की ती तुळजाबाईच्या घरी जाई, दाराशी बसे, आणि मूठभर मागून आणी.