आबा, बसा

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. वस्ती मळवली स्टेशनापासून डोंगराच्या अंगाला, चालत जायच्या अंतरावर. पेढे माझ्या चुलत्यानं वाटले आणि दारोदार एकच वाक्य सांगत गेला, "हाणला म्हणून शिकला. न्हाई तर गुरं वळत बसला असता."

बाप मी लहान असतानाच गेला. चुलत्यानं, सगळे त्याला आबा म्हणत, मला खायला घातलं, हे मी नाकारत नाही. पण खायला घातल्याची जाहिरात त्यानं कधी केली नाही. मारल्याची केली. निरगुडीचा फोक छपराच्या वाशात खोचलेला असे. पाढा चुकला, फोक. पाणी सांडलं, फोक. रडलो तर रडतो म्हणून, नाही रडलो तर मुर्दाड म्हणून. कंदिलाखाली डोळे फोडले मी, पुण्यात बोर्डिंगाचं पाणी भरून राहिलो मी, इंग्रजीचा पेपर लिहिला मी, आणि श्रेय गेलं एका झुडपाच्या फांदीला.

ते श्रेय काढून घ्यायचं, हे मी पेढ्यांच्या दिवशीच ठरवलं. भांडून ते निघालं नसतं. "बघा, बी.ए. झाला आणि उलटला," एवढंच गाव म्हणालं असतं. न मारता वाढलेलं, वळण असलेलं पोर त्याच्या डोळ्यांसमोर उभं करायचं, हा एकच मार्ग होता. लोक पोरं वाढवतात ती म्हातारपणच्या आधारासाठी, वंशासाठी. मी माझी मुलगी सूड म्हणून वाढवली. तिचं त्यात काही वाईट झालेलं नाही.

मारल्याशिवाय पोर वाढतं, हे मी लहानपणीच पाहिलं होतं. भात कापायला डोंगरावरून ठाकर यायचे. ते पोरांवर हात टाकत नसत. पोर किरकिरायला लागलं की आई त्याच्या हातात पेंढी द्यायची, "चल, नेऊन ठेव." पोर रडत रडत पेंढी ओढत न्यायचं आणि खळ्यापर्यंत जाता जाता कशासाठी रडत होतं ते विसरायचं. मी बांधावरून बघत राहायचो. एकदा खळ्यावर मला फोक बसत होता तेव्हा एका ठाकरणीनं हातातलं काम थांबवलं आणि आबाला विचारलं, "पाटील, भात झोडायचाय का पोरगं?" माणसं हसली. त्या दिवशी मला दुप्पट बसला.

पुढं लोणावळ्यात शाळेवर मास्तर म्हणून लागलो, बाजारामागं दोन खोल्या घेतल्या, लग्न झालं, मुलगी झाली. न मारण्याची प्रतिज्ञा मी केली होती, पण पोरीला ती कुणी कळवली नव्हती. पाच वर्षांची झाली तेव्हा इतकी हट्टी, की गुडदाणीच्या, म्हणजे चिक्कीच्या, दुकानापुढं भर बाजारात मातीत लोळायची. बायको दातओठ खाऊन माझ्या बाजूनं उभी राहायची.

"मारायचं न्हाई, समजलं," ती एकदा म्हणाली. "मग करायचं काय? ते तुमच्या बुकात कुटं हाय का?"

नव्हतं.

असल्याच एका लोळणीच्या वेळी आबा बाजारात तांदूळ घेऊन आला होता. काठीवर रेलून त्यानं सगळं शांतपणे बघून घेतलं.

"वा रं बी.ए.," तो म्हणाला, "बाप उभा आन् पोरगी राज्य करती." मग बायकोकडं वळून, "सूनबाई, सुगीला याल तवा हिला माझ्यापाशी ठिवून जा. एका पावसाळ्यात सरळ करतो. ह्याला न्हाई का केला?"

बायको घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "मी सुगीपत्तुर बघते. तवर वळणावर आली न्हाई, तर आबांच्या हवाली करायची. मला तिला सासरी नांदवायचीया."

मी हो म्हणालो. हो म्हणताना छपरातला तो वासा डोळ्यांपुढं आला.

आमच्या भिंतीला भिंत लागून एका मुसलमान पाववाल्याची भट्टी होती. घरात चिल्लीपिल्ली भरलेली, समोर जाळ, सगळीकडं पिठाची पोती, आणि तरी त्या भिंतीतून कधी मारल्याचा आवाज आला नाही. एकदा मी पाव आणायला गेलो असताना त्याच्या मधल्या पोरानं भावाशी भांडून पिठाची परात भिरकावली. पाववाल्याची म्हातारी आई, जिला सगळी आळी दादी म्हणे, कणकेतून हात न काढता म्हणाली, "बस."

पोरगं बसलं. नाकपुड्या फुगलेल्याच.

"उतरला न्हाई? आडवा हो."

पोरगं पोत्यांमध्ये उताणं पडलं. सगळे त्याला वळसा घालून कामं करत राहिले. थोड्या वेळानं ते पांढरंफटक उठलं, सांडलेलं पीठ भरलं आणि परात जागेवर ठेवून बाहेर खेळायला गेलं.

"दादी, हे काय?"

"आमच्यात सांगितलंयच तसं, मास्तर. राग आला आन् उभा असशील तर बस. बसून जाईना तर आडवा हो. उभ्या माणसाचा हात लांब पोचतो. बसलेल्याचा तेवढा न्हाई. निजलेल्याचा तर डासापत्तुर पोचत न्हाई."

"पोरांना लवकर जमतं?"

"पोरांचं सोपं हाय. आधी बापाला बसावं लागतं." मग हळूच म्हणाली, "भिंत पातळ हाय, मास्तर. तुमी मारत न्हाई, पर वरडता लय."

मी बसायला लागलो. शाळेतून राग घेऊन आलो की उंबऱ्याच्या आत बसायचो, तेवढ्यानं भागलं नाही तर पडवीत आडवा व्हायचो. गवळी चरवी घेऊन यायचा आणि माझ्या डोक्याशी उभा राहून विचारायचा, "मास्तर, आज कोन? हेडमास्तर का पोरगी?" बायको आतून म्हणायची, "आडवं झालात ते ठीक, उठाल तवा घागर भरून आना." मुलगी आधी माझ्या पोटावर येऊन बसायची. मग शेजारी पडायला लागली. मग एक दिवस तिचा स्वतःचा राग आला तेव्हा ती आपली आपण भिंतीशी जाऊन पडली, आणि आम्ही दोघं नवराबायको बघत राहिलो.

त्यात ठाकरांची पेंढी मी घातली. घरात कुणालाही राग आला की पाण्याचा तांब्या आणून द्यायचं काम तिचं. ती ते हवालदारासारखं करायची. बायकोचा आवाज जरा चढला की तांब्या हजर. "आता मला भांडू पन देईना ही," बायको म्हणायची, पण पाणी प्यायची.

सुगी आली. आम्ही गावी गेलो. खळ्यावर भावकी जमली होती, माणसं पेंढ्या झोडत होती, आबा खळ्यातल्या मेढीच्या खांबाला टेकून उभा होता, कमरेला फोक. मुलीला मी आल्या आल्या काम दिलं, झोडलेल्या पेंढ्या एका अंगाला रचायच्या. तिनं रचल्या. लहानशीच गंजी, पण सरळ.

आबा चालत आला आणि पायानं ती गंजी विस्कटली.

"बघू वळण," तो म्हणाला.

पोरीनं किंकाळी फोडली. पाय आपटले. मुठी वळल्या. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत आमचा ठराव होता. मी जागचा हललो नाही. हललो असतो तर ते माझं झालं असतं, तिचं नाही.

मुलगी मटकन पेंढ्यात बसली.

"रुसली," आबा म्हणाला. "ऊठ."

"थांबा," ती म्हणाली. "अजून गेला नाही."

भावकीतलं कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू आबाला लागलं. त्यानं कमरेचा फोक काढला आणि वर उचलला. मी पुढं झालो, पण त्याची गरज पडली नाही. मुलगी त्या फोकाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो कशासाठी असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला दिसला तो एक रागावलेला म्हातारा माणूस, आणि रागावलेल्या माणसाचं काय करायचं ते तिला नीट येत होतं. ती उठली.

"आबा, बसा," ती म्हणाली. "मी पाणी आणते."

आणि गेली माठाकडं. आबा तसाच उभा, हात वर, समोर मारायला कुणी नाही.

झोडणाऱ्यांतला एक म्हातारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "बसा की आबा. नात सांगतीया."

"व्हय, बसा, बसा," दुसरा म्हणाला. मग सगळं खळंच म्हणायला लागलं.

आबा बसला. पोरगी तांब्या घेऊन आली, त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "सगळं प्यायचं. तरी नाही गेला, तर आडवं व्हायचं."

माणसांनी पेंढ्या टाकून पोटं धरली. मी हसलो नाही. मी वर्षानुवर्षं थांबलो होतो, त्यामुळं मला घाई नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आबा, हिला आजवर फोक लागलेला नाही. आता गावाला सांगा, हिला कुणी शिकवलं?"

तो तांब्याच्या तळाकडं बघत राहिला.

निघताना मी बायकोला विचारलं, "मग, ठेवायची इथं?"

"आबांनाच नेऊ लोनावळ्याला," ती म्हणाली. "एका पावसाळ्यात सरळ करंल पोरगी."

त्यानंतर गावात आबाचा आवाज चढला, मग ती देवळातली बैठक असो की पाण्याची पाळी, की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, "आबा, बसा." पुढं पुढं शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली. माझ्या बी.ए.ची गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. गावी गेलो की मी ती ऐकायला मुद्दाम पारावर टेकायचो. नाहीच सांगितली.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर होता, अंग ठणकत होतं. मला बघून म्हणाला, "सांग तुझ्या पोरीला, आता आडवाच हाय." मी हो म्हणालो. चुलतीनं त्याला शेकायला निरगुडीचा पाला घालून पाणी चुलीवर ठेवलं होतं, पण लाकडं ओली होती, जाळ धरेना. मी छपराकडं हात वर केला, वाशातला तो फोक काढला, गुडघ्यावर मोडला आणि चुलीत सारला. आबा खाटेवरून बघत होता. फोक चांगला वाळलेला होता. लगेच पेटला.