पुढं ढकललेली पाळी

नवरात्र जवळ आलं की आमच्या मंगळवार पेठेत बायकांची एक वेगळीच खरेदी सुरू होते. पूजेच्या पिशवीत, सुपाऱ्या-खारकांच्या खाली, औषधाच्या दुकानातली एक पुडी असते. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. घरात घट बसलेले असताना सून बाजूला बसली, तर माळ कोण चढवणार? देवीला आमचं रक्त चालत नाही, हे तिनं कुणाच्या कानात सांगितलं कोण जाणे. हे मी आज म्हणते. त्या वर्षी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, पुडी हातात ठेवली आणि मी मुकाट घेतली.

अडचण एवढीच होती, की मूल राहू नये म्हणून मी रोजची गोळी आधीच घेत होते. मुलगी नुकती चालायला लागली होती. तिच्या वेळी सिझेरियननंतर माझं रक्तच थांबेना. मला त्यातले फक्त आवाज आठवतात. कुणाचे तरी पळते पाय आणि "अजून एक पिशवी आणा". राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी घरी सोडताना नवऱ्याला समोर बसवून बजावलं होतं, "इतक्यात दुसरं नको. हिच्या जिवावर बेतेल."

तरी मी काय केलं? दोन तऱ्हेच्या गोळ्या एका पोटात नकोत, म्हणून रोजचं पाकीट अर्ध्यावर थांबवून साड्यांखाली ठेवलं. ह्याही पाळीच्या, त्याही पाळीच्याच, असा माझा हिशेब. बी.एस्सी. झालेली बाई मी! नवरात्र निर्विघ्न पार पडलं. आरतीला माझा आवाज सगळ्यांत वर होता. दसऱ्यानंतर पुडी संपली, थोडं अंगावर गेलं. ते थांबल्यावर मी जुनं पाकीट काढलं. अर्धं पाकीट वाया कशाला घालवायचं? पुढच्या गोळीपासून सुरुवात केली. पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या थोड्याच उरल्या होत्या. त्या संपल्या आणि शेवटच्या ओळीतल्या तपकिरी आल्या. रोज न चुकता घेत होते, म्हणून निर्धास्त होते.

मग पाळी आलीच नाही.

जिला हाताला धरून दाराबाहेर काढलं, तिचीच आता वाट बघायची वेळ आली. दिवाळी गेली, देवदिवाळीचं तळण आलं. वडे तळता तळता मी न्हाणीघरात जाऊन बघून यायची. काही नसायचं. तेलाचा वास आला की मळमळायचं, आणि मळमळलं की ते पळते पाय ऐकू यायचे. भर दुपारी, रेडिओ चालू असताना. मुलगी पदर धरून उभी राहिली की वाटायचं, हिला अजून माझा चेहरा लक्षात ठेवता येत नाही. मी गेले तर हिला काहीच आठवणार नाही. एवढी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा वाटली नव्हती.

शेवटी मॅडमकडे गेले. तपासणी झाली. दिवस गेले होते.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात. त्या दिवसांचीही राखण आधीच्या पांढऱ्या गोळ्या करतात, आणि त्याच तुम्ही मध्ये सोडल्या. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पुढची तिच्या वेळेला. जास्त चुकल्या तर विचारायला यायचं, आणि तोवर दुसरी काळजी घ्यायची." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि पांढऱ्या संपल्यावर तपकिरी सोडून लगेच नवं पाकीट सुरू केलं असतं, तर पाळीही पुढं गेली असती. त्या पुडीची गरजच नव्हती."

आत्या बाहेर बाकावर होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, अंबाबाईनं दिलंय, ठेव. मी सगळं सांगितलं. 

"तुझ्या नवऱ्याची आई म्हंजी माझी थोरली भन," त्या म्हणाल्या. हे मला माहीत होतं. पहिली बायको बाळंतपणात गेली, म्हणून सासऱ्यांना तिचीच धाकटी बहीण दिली, एवढं घरात बोललं जायचं. पुढचं कुणीच बोलत नसे. "नेसरीला म्हायेरात बाळंत झाली, रगात थांबंना. मला दाराभाईर बसीवलं हुतं. आक्का, जास्त हाय का गं, म्हनून मी इचारायची. ती न्हाय म्हनायची. मागनं बोलायचीच थांबली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्याडमला सांग, मोकळं करा. तुझ्या पोरीसाटी मला दुसरी आनायची न्हाय."

दिवस थोडेच गेले होते, म्हणून गोळ्यांवर भागणार होतं. आधीचा रक्तस्राव लक्षात घेऊन मॅडमनी मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. गोळ्या दिल्या. मी मुकाट घेतल्या.

कळा सुरू झाल्या तशी मी खोलीतल्या न्हाणीत गेले. आत्या दाराला पाठ लावून बाहेर बसल्या. रक्त आलं. इतके दिवस जे मागत होते ते आलं, आणि मी फरशीवर बसून रडले. सुटले म्हणून रडले, आणि जे गेलं त्याच्यासाठीही. दोन्ही खरं होतं.

बाहेरून आवाज आला, "जास्त हाय का?"

"नाही, आत्या."

थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा मी नाही म्हटलं. मग मला बोलायचं त्राण राहिलं नाही, मी भिंतीला डोकं टेकून गप्प बसले. दारावर थाप पडली. आणखी एक पडली. मग आत्यांचा आवाज आला, पण तो आत्यांचा नव्हताच, एखाद्या लहान पोरीचा होता.

"आक्का? आक्का, बोल की गं."

 नर्सला हाक मारावी, की मी तुमची सून आहे म्हणून सांगावं, काही सुचेना. दारावर तिसरी थाप पडली.

"हाय गं," मी म्हणाले. "हाय मी. जास्त न्हाय."

दारापलीकडे त्या मोठ्यानं रडायला लागल्या.