बोर्डापुढे सगळेच फिट

असे किस्से कुणी जमवत नाही हो, ते आपसूक साठतात. खडकीत आमचा एक कट्टा आहे. सगळे निवृत्त फौजी, सगळ्यांना शुगर आणि सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा. मी फौजेत क्लर्क होतो, त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शनचं काम निघालं की मलाच धरतात. भानगड अशी, की शुगरमुळे माणूस किती टक्के अपंग झालाय ते मेडिकल बोर्ड ठरवतं. आता वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसातले टक्के मोजतात तरी कसे, याचं मला भारी कुतूहल!

*

आमचे हवालदार पवार. शुगरनं दोन्ही पाय बधिर होत चाललेले. बोर्डासमोर गेले, तर डॉक्टरांनी सहज विचारलं, कसे आहात? पवार खाडकन सावधान झाले आणि म्हणाले, "एकदम फिट, साब!"

अहो, साहेबानं हे विचारलं की फौजेत दुसरं उत्तरच नसतं. टक्के इतके कमी पडले की पेन्शन नामंजूर. पवारवहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "घरी पायातून चप्पल निसटली तरी यांना पत्ता नसतो, आणि तिथे म्हणे फिट!"

*

शेखभाईंचं वेगळंच. टक्के मिळाले, पण शुगर नोकरीमुळे झाली का, यावर गाडी अडली. कारण ती लागली तेव्हा त्यांचं पोस्टिंग सीमेवर नव्हतं, शांत गावात होतं. तिथे कसला आलाय ताण, असं बोर्डानं विचारलं.

शेखभाई पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर. आवाज जराही न चढवता म्हणाले, "साहेब, आपण आमचे सीओसाहेब पाहिलेले दिसत नाहीत."

बोर्डातले सगळ्यात मोठे साहेब एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. नंतर कळलं, तेही कधीकाळी त्याच सीओंच्या हाताखाली होते! शेखभाईंचं काम झालं. कागदांमुळे झालं की त्या उत्तरामुळे, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

पवारांचं अपील मंजूर झालं आणि दुसऱ्या बोर्डाची तारीख आली. त्या बधिर पायांवर पवार वॉचमनची नोकरी करत होते. पेन्शन मिळाली तर ती नोकरी सोडता येणार होती. म्हणून कट्ट्यावर तालीम सुरू केली. मी डॉक्टर झालो. पण मी तोंड उघडलं रे उघडलं की हे उठून सावधान! बसून बोला म्हटलं, तर साहेबाशी बसून कसं बोलायचं म्हणाले.

शेवटी शेखभाईंनी सुचवलं, समोर डॉक्टर नाहीच, वहिनींना सांगताय असं समजा.

पवार पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "तिला तरी मी कुठे काय सांगितलंय? तिला दिसलं तेवढंच तिला माहीत."

 त्या दिवशी तालीम तिथेच थांबवली.

*

बोर्डाच्या दिवशी पवारांनी जुने बूट आरशासारखे चमकवले आणि रिक्षा नको म्हणून चालत गेले. मी वहिनींना घेऊन स्कूटरवरून पुढे पोचलो होतो. बऱ्याच वेळानं पवार बाहेर आले, ते एका पायाला पट्टी आणि हातात बूट! वहिनी घाबरून उठल्याच.

पवारांचा चेहरा पार उतरला होता. डॉक्टर मॅडमनी बूट काढायला सांगितला, तर मोजा रक्तानं भिजलेला. तळातून खिळा वर आलेला, आणि हे तसेच एवढं अंतर चालून गेलेले. मॅडमनी स्वतः पट्टी बांधली, आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, दुखतंय का?

"मग? काय सांगितलंत?" वहिनींनी विचारलं.

"पढवलेलं सगळं विसरलो. नाही दुखत म्हणालो. अगं, खरंच दुखत नव्हतं! त्या मात्र पुढे काही बोलल्याच नाहीत, नुसत्या लिहीत बसल्या." पवारांनी बूट खाली ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "क्लर्कसाहेब, मी पुन्हा घोळ घातला का हो?"